वॉर्ड सांभाळणं म्हणजे नेमकं काय?

नर्सिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना ‘नेतृत्व’ म्हटल्यावर काय आठवतं असं विचारलं, तर उत्तरं ठरलेली येतात. जनरल सेक्रेटरीची निवडणूक, स्टेजवरचं भाषण, फार तर मेट्रनच्या केबिनमधली खुर्ची. ‘व्यवस्थापन’ म्हटलं की एमबीए. आपण इंजेक्शन देणार, ड्रेसिंग करणार, या दोन शब्दांशी आपली गाठ पडलीच तर वीस वर्षांनी, प्रमोशन मिळाल्यावर पडेल, असा एक समज असतो.

बेळगावच्या वॉर्डांत बरीच वर्षं काढल्यावर मला हा समज धोक्याचा वाटतो. नवी सिस्टर पहिल्या नाईटला उभी राहते तेव्हा वॉर्डात २८ पेशंट असतात, एक ज्युनिअर, एक मावशी आणि एक वॉर्डबॉय. ड्युटी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेले असतात. रात्री अडीच वाजता दोन पेशंट एकदम बिघडले, तर आधी कुणाकडे जायचं, ज्युनिअरला काय सांगायचं, डॉक्टरांना थिएटरमधून बाहेर बोलवायचं की नाही, हे तीच ठरवते. तिच्या खांद्यावर कुठलीही पट्टी नसते. नेतृत्व मात्र तिनेच करायचं असतं.

यात आपल्या भाषेचाही थोडा वाटा आहे. या मंडळाच्या अंकात लिहिते आहे म्हणून शब्दांबद्दल बोलायला हरकत नाही. नर्सच्या कामाला मराठीत ‘सेवा’ म्हणतात, ‘शुश्रूषा’ म्हणतात. शुश्रूषा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. किती नेमका शब्द आहे! पण ऐकणं या क्रियापदाला दोन वाटा फुटतात. एक, कान देऊन ऐकणं. दुसरी, सांगितलेलं ऐकणं. नर्सच्या बाबतीत समाजाने बहुतेक वेळा दुसरीच वाट धरली. मे महिन्याच्या १२ तारखेला नर्सेस डे असतो, त्या दिवशी चॅपेलमध्ये प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा उतारा पुष्कळदा वाचला जातो. त्याच उताऱ्यात, पाय धुऊन झाल्यावर, तुम्ही मला गुरू म्हणता ते बरोबरच आहे, असंही तो सांगतो. तेवढ्यावर मात्र फारसं कोणी प्रवचन देत नाही.

आता ज्यांच्या जन्मदिवशी हा नर्सेस डे असतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलकडे बघू. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला त्या दिवा हातात घेतलेल्या दिसतात. दिवा खराच होता, पण मला त्यांच्या हातातली वही जास्त महत्त्वाची वाटते. ४ नोव्हेंबर १८५४ ला त्या ३८ नर्सेस घेऊन स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या एका भागात, पोचल्या. क्रिमियाच्या युद्धातले जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिक तिथल्या बराकीत ठेवलेले होते. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. नाइटिंगेलबाईंनी भांडण काढलं नाही आणि जबरदस्तीने वॉर्डातही शिरल्या नाहीत. डॉक्टर बोलावतील तेव्हाच जायचं, तोवर पट्ट्या आणि कपडे शिवायचे, असं त्यांनी आपल्या नर्सेसना बजावलं. समोर माणसं विव्हळत असताना असं थांबणं किती अवघड गेलं असेल! लवकरच जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांनी स्वतःहून हाक मारली.

त्यानंतर त्यांनी लक्ष घातलं ते स्वयंपाकघर, धुणं, फरशी घासायचे ब्रश, सदरे आणि चादरी यांत. एक घर भाड्याने घेऊन तिथे धुलाईखाना काढला, सैनिकांच्या बायकांना कामाला लावलं. आजाऱ्यांसाठी वेगळं जेवण सुरू केलं. तरीही माणसं मरतच होती, त्या हिवाळ्यात तर आणखी. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्यांतले शंभरातले सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला, त्याने बराकीखालची तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हा आकडा शंभरात २ वर आला. युद्धानंतर नाइटिंगेलबाई आकडे घेऊन बसल्या तेव्हा जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक रोगराईने मेल्याचं उघड झालं. ते आकडे त्यांनी रंगीत चक्राकार आकृत्यांतून सरकारपुढे ठेवले. माया पुष्कळ होती, नर्सेस रात्रंदिवस राबत होत्या, पण गटार तुंबलेलं होतं. नर्सिंगमध्ये व्यवस्थापन कशाला हवं, याचं उत्तर मला या एका गोष्टीत मिळतं.

पुढे १८६० च्या सुमारास त्यांनी नर्सिंगवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात बारीकसारीक व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा: मी हजर असताना जे करते, ते मी नसतानाही होईल अशी सोय लावणं म्हणजे कारभार सांभाळणं. सगळं स्वतः करणारी सिस्टर कामसू असते, लोक तिचं कौतुकही करतात. पण ती जेवायला गेली की वॉर्ड थांबत असेल, तर तो वॉर्ड सांभाळलेला नाही. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका कसोटीला लावून बघा.

‘मी नसताना’ ही वेळ रोज येते. आमच्याकडे आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या असतात. म्हणजे दिवसातून तीनदा सगळा वॉर्ड एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात उतरतो. त्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. माझ्या मते नर्सची पारख राऊंडला होत नाही, हँडओव्हरला होते. रात्रभर जागलेल्या सिस्टरला बस पकडायची असते, आलेलीला अजून साडीची पिन लावायची असते. अशा घाईत वाक्य येतं, “बारा नंबर, आतड्याचं ऑपरेशन झालंय, बरे आहेत, सलाईन चालू.” या वाक्यात खोटं काही नाही. उपयोगाचंही काही नाही.

तेच असं सांगून बघा. “बारा नंबरचे काका, वजन ६०. काल दुपारी ऑपरेशन. तोंडाने काही द्यायचं नाही. लघवी पहाटे पाचपासून कमी आहे, तीन तासांत मिळून ४० मिली. डॉक्टरांना साडेसातला कळवलंय, ते राऊंडआधी येतो म्हणालेत. रक्ताचा रिपोर्ट यायचाय, साडेआठला लॅबला फोन कर.” मोठ्या माणसाची लघवी ताशी, वजनाच्या दर किलोमागे निदान अर्धा मिली तरी व्हायला हवी. म्हणजे या काकांची तीन तासांत ९० मिली. झाली ४०. नवीन आलेल्या सिस्टरला हिशोब करायला आकडा मिळाला, काय झालंय ते कळलं आणि काय राहिलंय तेही कळलं. हे बोलायला अर्धं मिनिट लागतं. हँडओव्हर टेबलाशी बसून न करता बेडजवळ उभं राहून केला तर आणखी बरं. सलाईनची बाटली, लघवीची पिशवी, पट्टीवरचा डाग दोघींना एकदम दिसतो, आणि पेशंट स्वतः मध्येच सांगतो, “सिस्टर, ते रात्रीचं औषध मिळालंच नाही.”

डॉक्टरांना फोन करणं हा दुसरा कसोटीचा प्रसंग. रात्री झोपेतून उठवायचं, समोरून आवाज चढणार, म्हणून मुली घाबरत घाबरत बोलतात. “सर, बारा नंबरला जरा बरं वाटत नाहीये.” पलीकडून, “बरं, बघतो.” आणि फोन ठेवला जातो. चूक डॉक्टरांची असं म्हणायची सवय आपल्याला आहे, पण त्या वाक्यावरून अंथरुणातून उठावं असं त्यात होतं तरी काय? यासाठी बोलण्याचा एक क्रम आता जगभर शिकवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एसबार म्हणतात. तो मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून आला आणि मग हॉस्पिटलांनी उचलला. पाणबुडीत हुद्द्याने लहान असलेल्याला मोठ्याला धोका सांगावा लागतो, तोही चटकन. वॉर्डात वेगळं काय असतं? मी मराठीत तो क्रम असा सांगते: काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, आता काय हवंय.

“सर, मेल सर्जिकलमधून सिस्टर बोलते. बारा नंबरच्या पेशंटची नाडी १२४ आहे, बीपी ९० बाय ६०. काल दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी नाडी ८८ होती. लघवी कमी आहे, पोट ताठ लागतंय, ड्रेनमधून लाल येतंय. आतून रक्तस्राव होतोय की काय अशी मला शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर सलाईनचा वेग वाढवू का, आणि ब्लड बँकेला कळवून ठेवू का?”

यातली शेवटची दोन पावलं आपल्या मुलींना सगळ्यात जड जातात. “मला वाटतं” हे नर्सने डॉक्टरांना म्हणायचं नसतं, असं कुठेतरी आत बसलेलं असतं. रोगाचं निदान डॉक्टरच करणार, त्याबद्दल वाद नाही. पण चार तास त्या पेशंटजवळ ती होती, तिला काय वाटतं हीसुद्धा माहितीच आहे. आणि सांगूनही ऐकलं नाही तर? मग आवाज न चढवता शब्द चढवायचे. “सर, मला काळजी वाटतेय.” पुढे, “मला हे ठीक दिसत नाहीये.” आणि तरीही नाही, तर सरळ, “हे पेशंटच्या जिवाला धोक्याचं आहे, मी वरच्या डॉक्टरांना कळवते.” ‘सर’ तिन्ही वेळा म्हणता येतं. अदब आणि ठामपणा एका वाक्यात राहू शकतात, आपल्या आज्या तेच तर करत आल्या. फोनवर मिळालेली ऑर्डर मात्र परत म्हणून दाखवायची. आपण औषधाचे आकडे इंग्रजीत बोलतो आणि फिफ्टीन नि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. “एक-पाच, पंधरा, बरोबर ना सर?” एवढं विचारायला लाजायचं कारण नाही.

आता बीएच्या मुलांनी जरा इकडे लक्ष द्यावं. बेळगावच्या वॉर्डात एका ओळीत खानापूरची मराठी, चंदगडची मराठी, चिकोडीकडचं कन्नड, गोव्याहून आलेल्या पेशंटची कोंकणी आणि जुन्या पेठेतली दखनी हिंदी असते. सिस्टर केरळची असू शकते. पेशंट दुखण्याचं वर्णन करतो ते पुस्तकातल्या शब्दांत नाही. कळ येते ती येऊन जाऊन, ठणका लागतो तो एकसारखा आणि बहुधा पू झालेल्या जागी, चमक भरते ती हललं की, मुरडा पोटातच पडतो. हे चार शब्द म्हणजे चार वेगवेगळ्या तपासण्या आहेत. सगळ्यांसाठी केस पेपरवर ‘पेन’ असं लिहिलं की तपासाची अर्धी वाट बंद. “जीव घाबरा होतोय” असं म्हणणारी मधुमेहाची बाई घाबरट नसते, तिला घाम फुटला असेल तर आधी रक्तातली साखर बघायची आणि ईसीजी काढायचा. हार्ट अटॅक छातीत दुखूनच येतो असं नाही. कन्नड बोलणारी आजी पोटात ‘संकट’ म्हणाली तर आपल्याला हसू येतं, कारण आपल्याकडे संकट आभाळातून कोसळतं. तिला जीव कासावीस होतोय असं सांगायचं असतं. चांगली इन्चार्ज अशा शब्दांची यादी करून ड्युटी रूममध्ये लावते. नवी सिस्टर कुठलीही असो, पहिल्या दिवसापासून तिला ती वाचता येते. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा, ती अशी अमलात येते.

काम वाटून देणं हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नव्या सिस्टर दोन टोकांना जातात. एक तर सगळं स्वतः करत बसतात, किंवा “मावशी, जरा बघा हो तिकडे” म्हणून मोकळ्या होतात. ‘जरा बघा’ म्हणजे काय बघायचं? पाणी पाजणं घ्या. हर्नियाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या माणसाला मावशींनी पाणी दिलं तर काहीच बिघडत नाही. शेजारच्या खाटेवर काल पक्षाघात झालेले आजोबा आहेत. त्यांना गिळता येतं का हे तपासल्याशिवाय एक घोटही द्यायचा नाही, कारण तो श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. काम तेच, पेला तोच. म्हणून काम कोणतं यापेक्षा कुणासाठी, कुणाकडून आणि काय झालं तर मला हाक मारायची, हे सांगणं महत्त्वाचं. “मावशी, सात नंबरच्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवा, वॉर्डबॉयला हाताशी घ्या. पाठीवर कुठे लालसर दिसलं तर लगेच सांगा. पाणी अजिबात नको, नातेवाइकांनाही देऊ देऊ नका.” आणि दोन तासांनी स्वतः जाऊन बघायचं. काम दिलं म्हणजे जबाबदारी गेली, असं होत नाही. मावशींना ‘अगंतुगं’ करणाऱ्या सिस्टरला त्या लाल डागाची बातमी उशिरा मिळते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

चुकांबद्दल थोडक्यात. वॉर्डात चूक झाली की पहिला प्रश्न येतो, “कोणी केलं?” मग सगळे गप्प होतात आणि पुढच्या वेळी चूक लपवली जाते. “कसं झालं?” असं विचारलं तर दोन सारख्या दिसणाऱ्या औषधांच्या अँप्युल एकाच ट्रेमध्ये होत्या हे कळतं. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यामुळे ते इतर औषधांत ठेवायचंच नाही, कुलपात, वेगळं, मोठ्या लाल अक्षरांत. सावध राहा असं शंभरदा सांगण्यापेक्षा हे कुलूप जास्त भरवशाचं.

राहिलं ड्युटीचं वेळापत्रक, म्हणजे रोस्टर. इन्चार्ज सिस्टरची खरी सत्ता आणि खरी अब्रू त्या कागदात असते. जी कधी कुरकुर करत नाही तिलाच शनिवारची नाईट, आणि जिचं माहेर लांब तिला सलग सुट्ट्या नाहीत, असं दोन महिने चाललं की वॉर्डात बोलाचाली बंद होतात आणि त्याचा भुर्दंड पेशंटला पडतो. रोस्टर निदान आठवडाभर आधी लागलं पाहिजे, नाईट सगळ्यांना सारख्या वाट्याला आल्या पाहिजेत, नाईटवरून उतरलेलीला त्याच दिवशी दुपारी परत बोलवायचं नाही. आमच्याकडे सणांची अदलाबदल छान जमते. गणपतीला आणि दिवाळीला ख्रिस्ती आणि मुस्लिम मुली जास्तीच्या ड्युट्या ओढतात, नाताळच्या आदल्या रात्री बाकीच्या म्हणतात, “तू जा गं चर्चला.” हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण इन्चार्जने मागच्या वर्षी कुणी काय सोडलं हे वहीत टिपून ठेवलेलं असेल तरच ते टिकतं.

पण एक हिशोब असा आहे की तो कितीही हुशार इन्चार्जला जुळवता येत नाही. ३० बेडचा वॉर्ड घ्या. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री दोन, म्हणजे दिवसाला नऊ ड्युट्या, आठवड्याला ६३. एक नर्स आठवड्यातून सहा दिवस येते. ६३ ला ६ ने भागलं की साडेदहा. म्हणजे अकरा नर्सेस, तेही कुणी आजारी पडणार नाही, कुणाचं लग्न-बाळंतपण निघणार नाही, आणि नाईटनंतरचे जादा ऑफ कुणी मागणार नाही असं धरून. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकषही याच्याच आसपास जातो. शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या साध्या वॉर्डात तीन बेडमागे एक नर्स आणि वर रजेसाठी ३० टक्के, म्हणजे ३० बेडना तेरा. हा एकास तीनचा आकडा तिन्ही पाळ्यांचा मिळून आहे, एका वेळी दर तीन बेडपाशी एक नर्स उभी असा नव्हे. पुष्कळ जण तिथेच फसतात.

आणि वॉर्डात प्रत्यक्ष असतात सात किंवा आठ. अशा ठिकाणी ‘नेतृत्व विकास’ या नावाची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली जाते, पोस्टर लावतात, फाईल नि पेन वाटतात. मला या कार्यशाळांचा राग नाही, वर सांगितलेलं पुष्कळसं मी तिथेच शिकले. पण नर्सेस कमी आहेत म्हणून होणारे हाल कौशल्य कमी आहे म्हणून होतात, असं भासवायला त्यांचा वापर झाला तर तो अन्याय आहे. सिस्टरने हसतमुख राहावं, वेळेचं नियोजन करावं, हे सगळं खरं. दोन हातांनी २८ पेशंट मात्र कुशीवर वळवता येत नाहीत.

तिथे इन्चार्जच्या हातात वहीच उरते. तारीख, पाळी, पेशंट किती, त्यातले गंभीर किती, नर्सेस किती, आणि त्या पाळीत काय राहून गेलं: चौघांच्या कुशी बदलता आल्या नाहीत, दोन ड्रेसिंग दुपारवर ढकलली, रात्री दहाचं अँटिबायोटिक साडेअकराला गेलं. यात कुणाची तक्रार नाही, कुणाचं नाव नाही. महिनाअखेर याचा एक पानाचा गोषवारा करून मेट्रनला द्यायचा, एक प्रत आपल्याकडे ठेवायची. मेट्रन मीटिंगला जातात तेव्हा ‘सिस्टर फार थकतात’ या वाक्यापेक्षा तो कागद त्यांच्या जास्त उपयोगी पडतो. कधी दोन जागा भरल्या जातात, कधी एकही नाही. वही पुढच्या महिन्यातही लिहायची.